आधी समेट, मग प्रभुभोजन

अनेक मराठी मंडळ्यांत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घेण्याचा विधी. दोन सख्खे भाऊ चर्चच्या दोन टोकांना बसलेले असतात. घराच्या वाटणीवरून त्यांचं चार वर्षं बोलणं नाही, हे पाळकांना ठाऊक असतं, मागच्या बाकावरच्या आजींनाही ठाऊक असतं. दोघंही पुढे जातात, भाकर घेतात, प्याला घेतात, आणि दोन वेगळ्या फाटकांतून घरी जातात.

आपला विश्वास खरा आहे का, हे पाहायला यापेक्षा सोपी जागा नाही. प्रार्थना किती वेळ केली, उपास किती धरले, यावर वाद घालता येतो. इथे मात्र येशूने तत्त्व सांगून सोडलेलं नाही. कोणी कोणाकडे जायचं, आधी एकट्याने की कोणाला घेऊन, किती जणांना घेऊन, इथपर्यंत सांगितलं आहे.

दोन उतारे शेजारी ठेवून वाचा: मत्तय 5:23-24 आणि मत्तय 18:15-17. पहिल्यात तुम्ही वेदीवर दान वाहायला आला आहात आणि आठवतं की भावाच्या मनात तुमच्याविरुद्ध काहीतरी आहे, म्हणजे तक्रार त्याची आहे. दुसऱ्यात त्याने तुमचा अपराध केलाय, म्हणजे तक्रार तुमची आहे. उठून जायचं मात्र दोन्ही वेळा तुम्हीच. ‘चूक त्याची, त्याने आधी यावं’ या वाक्याला कुठेच जागा उरत नाही. दोघांनीही हे पाळलं तर गाठ अर्ध्या रस्त्यातच पडेल.

पहिल्या उताऱ्यातलं अंतरही लक्षात घ्या. येशू हे गालीलात बोलतोय आणि वेदी यरुशलेमात आहे, शंभर किलोमीटरहून लांब. पायी तीन-चार दिवस चालून आणलेलं दान वेदीपुढे तसंच ठेवायचं, गावी परतायचं, समेट करायचा आणि मग पुन्हा यायचं. ऐकणाऱ्यांना हा हिशेब लगेच कळला असणार. ‘रविवारी चर्चच्या आवारात भेटला तर बोलू’ एवढी सोय त्यात नाही.

जाण्याआधी

प्रत्येक गोष्टीसाठी कोणाच्या दारात जाऊन उभं राहायचं नसतं. अपराधाकडे काणाडोळा करण्यात माणसाची शोभा आहे, असं नीतिसूत्रे 19:11 सांगतं. मग काय सोडायचं आणि कशासाठी जायचं? एक साधी कसोटी आहे: तो समोरून येताना दिसला की तुम्ही रस्ता बदलता का? लग्नाच्या पंगतीत त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी असली तरी पुढे जाता का? तसं असेल तर तुम्ही ते सोडलेलं नाही, नुसतं पुरून ठेवलंय. जा.

जाण्याच्या दोन-तीन दिवस आधी एक कागद घ्या. वरच्या अर्ध्या भागात आपण काय केलं ते लिहा, खालच्या अर्ध्यात त्याने काय केलं ते. वरचा भाग आधी लिहायचा. कुसळ आणि मुसळ आपण मराठीत इतकं वापरतो की हा क्रम मत्तय 7:5 मध्ये आज्ञा म्हणून आलाय, हे विसरूनच जातो: आधी स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ काढ, मग तुला नीट दिसेल. वरचा भाग कोरा राहिला तर अजून जाऊ नका.

लिहिताना विशेषणं खोडा. ‘त्याने विश्वासघात केला’ असं नको. ‘बाबांच्या आजारपणाच्या खर्चातला आपला वाटा देतो म्हणाला, दिला नाही’ असं लिहा. कागदावर एकच प्रकरण ठेवा. आठ वर्षांपूर्वीच्या बारशात काय झालं ते त्यात आलं, की भेट तिथेच संपली म्हणून समजा.

आता माफीचं वाक्य. उधळ्या पुत्राची गोष्ट (लूक 15) वाचताना एक गोष्ट निसटते: परत निघण्याआधी तो बापाला काय म्हणायचं ते मनात जुळवून घेतो. त्या वाक्यांत दुष्काळाचं कारण नाही, वाईट मित्रांचं नाव नाही. मी पाप केलं, तुझा मुलगा म्हणवून घ्यायला योग्य नाही, मला चाकरासारखं ठेव, एवढंच. तुमचंही वाक्य आधी जुळवा आणि मोठ्याने म्हणून बघा. ‘माझं काही चुकलं असेल तर माफ कर’ ही माफी नाही. त्या ‘असेल तर’मध्ये अपराध अजून सिद्ध व्हायचाय. ‘माझं चुकलं, पण तूही…’ यातला ‘पण’ आधीचं सगळं पुसतो. ‘दादा, सगळ्यांसमोर मी तुला फुकट खाणारा म्हणालो. ते चूक होतं आणि खोटंही होतं. मला क्षमा कर.’ एवढं पुरे. आणि मग थांबा. तो गप्प बसला तरी ती शांतता भरून काढायला बोलू नका.

पैसे आणि बांध

निम्मी भांडणं इथे असतात, आणि इथे नुसत्या शब्दांनी भागत नाही. लेवीय 6:1-5 मध्ये रक्कम ठरवून दिलीय: जे घेतलं ते पूर्ण, वर पाचवा हिस्सा, आणि तेही दोषार्पणाच्या दिवशीच. 50,000 रुपये दाबले असतील तर 60,000 परत. जकातदार जक्कयाने तर चौपट देऊ केलं (लूक 19:8), आणि तारणाचे शब्द येशूने त्यानंतर उच्चारले. आपण नियमशास्त्राखाली नाही हे खरं. पण हा युक्तिवाद बहुतेक वेळा पैसे न देण्यासाठीच ऐकू येतो.

एकरकमी जमत नसेल तर पहिला हप्ता हातात घेऊन जा आणि पुढच्या तारखा लिहून द्या. शेतीचा बांध कोरला असेल तर अनुवाद 19:14 सरळ त्याबद्दलच आहे. तोंडी कबूल करून थांबू नका. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा, शुल्क आपण भरा, आणि निघेल ती हद्द मान्य करा. बांध तसाच ठेवून मागितलेल्या क्षमेवर कोणीही विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये.

पहिली भेट: तू आणि तो, दोघेच

एकट्याने जायचं. बायकोला घेऊन नको, नवऱ्याला घेऊन नको. आधी फोन करून वेळ विचारा: ‘अर्धा तास बोलायचं होतं, कधी येऊ?’ विषय फोनवर सोडवू नका, व्हॉट्सॲपवर तर मुळीच नको. लिहिलेल्या वाक्याला आवाज नसतो. वाचणारा आपल्या रागाच्या आवाजात ते वाचतो. शिवाय तो मेसेज संध्याकाळपर्यंत पाच घरांत पोहोचतो.

त्याच्या घरी जा, आपल्या घरी बोलावू नका. मिठाईचा डबा नेऊ नका. तो घ्यावा की नाही या पेचातच समोरचा अडकतो. चहा आला तर मात्र घ्या. आधी कागदाचा वरचा भाग, म्हणजे तुमची चूक. खालचा भाग त्याच भेटीत आलाच पाहिजे असं नाही. मत्तय 18 प्रमाणे तक्रार तुमची असेल तर ती एकदा, स्पष्ट सांगा आणि त्याची बाजू पूर्ण ऐका. बऱ्याचदा तिथेच कळतं की आपल्याला निरोप चुकीचा मिळाला होता.

ही पायरी बहुतेक ठिकाणी मोडते, आणि तीही फार भक्तिभावाने. बुधवारच्या प्रार्थनासभेत ‘अमक्या कुटुंबासाठी प्रार्थना करा, त्यांच्यात सध्या जे चाललंय…’ अशी विनंती येते, आणि ज्याला माहीत नव्हतं त्यालाही कळतं. कोणी मोठ्याने प्रार्थना करताना देवाला उद्देशून समोरच्याला टोमणे मारतं. कोणी स्टेटसवर एक वचन ठेवतं, जे जगाने वाचायचं असतं पण लागायचं एकालाच. या तिन्ही प्रकारांत ‘तू आणि तो एकांती असताना’ ही अट मोडलेली असते, वचन कितीही अचूक असो.

तो ऐकत नाही तेव्हा

आणखी एक-दोन जण घ्या. पाच नव्हेत, सगळा महिला मंडळाचा गट नव्हे. दोन किंवा तीन साक्षीदारांच्या तोंडाने गोष्ट शाबीत व्हावी, हा अनुवाद 19:15 चा नियम येशू इथे वापरतो. हे साक्षीदार तुमचे वकील नाहीत. असे निवडा की दोघांच्याही घरी ज्यांची ऊठबस आहे, दोघांपैकी कोणाचंही देणं ज्यांच्यावर नाही, आणि तुमचं चुकलं तर तुम्हालाही जे तोंडावर सांगतील. निघताना त्यांना तुमची बाजू पढवू नका. जे बोलायचं ते तिथेच, त्याच्यासमोर. फिलिप्पै इथल्या युवदीया आणि सुंतुखे यांच्यात बिनसलं तेव्हा पौलाने दोघींना वेगवेगळी विनंती केली आणि तिसऱ्याला सांगितलं, यांना मदत कर (फिलिप्पैकरांस 4:2-3). कोण बरोबर, यावर त्याने एक शब्दही लिहिला नाही.

‘जिथे दोघे किंवा तिघे माझ्या नावाने जमले आहेत’ हे वचन आपण उपासनेला माणसं कमी आली की म्हणतो. ते याच अध्यायातलं आहे, 18:20. आधीचा विषय साक्षीदारांचा आणि समेटाचा आहे, रिकाम्या बाकांचा नाही.

तरीही ऐकलं नाही तर मंडळीला सांगायचं. शुभवर्तमानांत ‘एक्लेसिया’ (मंडळी) हा ग्रीक शब्द फक्त दोन ठिकाणी येतो, मत्तय 16:18 आणि इथे. भांडण ही मंडळीच्या कामाची गोष्ट आहे, इतकं तरी त्यावरून दिसतं. व्यवहारात याचा अर्थ आधी पाळक आणि वडीलजन. रविवारी सूचनांच्या वेळी उठून बोलणं नव्हे. मंडळीचंही ऐकलं नाही तर त्याला ‘परराष्ट्रीय आणि जकातदार’ यांच्यासारखा समज, हे त्यापुढचं वाक्य लोक बहिष्कारासाठी वापरतात. पण हे लिहिणारा मत्तय स्वतः जकातदार म्हणून ओळखला जातो, आणि येशू जकातदारांच्या घरी जेवत होता. सभासदत्व थांबू शकतं. दुखवट्याला जाणं थांबत नाही.

समोरचा मंडळीतला नसेल, ख्रिस्ती नसेल, तर दुसरी-तिसरी पायरी लागू होत नाही. तिथे रोमकरांस 12:18: तुमच्याकडून होईल तितकं. तुमचा वाटा तुम्ही पुरा केला की बाकीचं त्याच्याकडे.

एक अपवाद ठळक सांगायला हवा. मारहाण, लैंगिक अत्याचार, हुंड्यासाठी छळ, मुलांवरचा अत्याचार, यांत पीडित व्यक्तीला ‘आधी एकटीने जाऊन त्याच्याशी बोल’ असं कोणीही सांगू नये. मत्तय 18 गुन्हा झाकायला दिलेलं नाही. त्याच अध्यायात, सहाव्या वचनात, लहानांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधायची भाषा आहे. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणं 2012 च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे, पाळकांनाही. कोर्टात जाऊ नका असं पौल 1 करिंथकरांस 6 मध्ये लिहितो ते देण्याघेण्याच्या तंट्यांबद्दल. गुन्हेगाराला शिक्षा करणाऱ्या अधिकाऱ्याला तो रोमकरांस 13:4 मध्ये देवाचा सेवक म्हणतो.

तोपर्यंत भाकर घ्यायची की नाही?

दिदाखे या प्राचीन ख्रिस्ती नियमपुस्तिकेच्या 14 व्या भागात उत्तर रोखठोक आहे: ज्याचं सोबत्याशी भांडण आहे त्याने समेट होईपर्यंत सामील होऊ नये. कॅथलिक मिस्सेत कम्युनियनच्या आधी शांतीची खूण करतात, तिचं मूळही याच विचारात आहे. शेजारच्याला हात जोडणं सोपं असतं. ज्याच्याशी बिनसलंय तो तीन बाक मागे असतो.

पण वर्षानुवर्षं भाकर न घेता बसून राहणं हा उपाय नाही. माणसाने आत्मपरीक्षा करावी आणि मग खावं, असं 1 करिंथकरांस 11:28 सांगतं. परीक्षा खाण्यासाठी आहे, टाळण्यासाठी नाही. म्हणून प्रभुभोजनाच्या आधीचे दोन आठवडे कामाला लावा: पहिल्या आठवड्यात कागद आणि फोन, दुसऱ्यात भेट. तुम्ही गेलात, क्षमा मागितली, देणं दिलं, आणि तो तरीही वळला नाही, तर मोकळ्या मनाने भाकर घ्या. जायचंच टाळलं असेल, तर त्या रविवारी थांबा आणि सोमवारी जा.

क्षमा केल्यावर आठवण जात नाही, तिला घाबरू नका. सातांच्या सत्तर वेळा क्षमा कर, हा येशूने सांगितलेला हिशेब नवनव्या अपराधांइतकाच त्याच जुन्या अपराधाच्या पुन्हा वर येण्यालाही लागू पडतो. आणि क्षमा म्हणजे उसने पैसे लगेच पुन्हा देणं नव्हे. विश्वास बसायला वेळ लागतो, तेवढा घ्या.

ज्याच्याकडे जायचं तो वारला असेल तर? गणना 5:8 मध्ये हाही प्रश्न आलाय. त्याचं देणं जवळच्या नातलगाला द्यायचं, नातलगच नसेल तर परमेश्वराला, म्हणजे याजकाला. आज त्याच्या मुलांकडे जा, रक्कम द्या आणि कशाची ती सांगा. ‘तुमच्या वडिलांचे माझ्याकडे होते’ एवढं वाक्य लागतं. मुलं नसतील तर मंडळीच्या गरीब निधीत भरा. पावती मात्र आपल्या नावाने फाडू नका, त्यांच्या नावाने फाडा.