ताडोबाच्या प्राण्यांची फॅन्टसी लिहायचीय? मग असं करा

प्राण्यांना बोलायला लावा, जादू द्या, पण वाघाला व्हिलन करू नका प्लीज, तो पोटासाठी मारतो आणि बऱ्याचदा शिकार हुकून उपाशीच राहतो, हे आधी दाखवा. हिरो चितळ घ्या. झाडावरची वानरं पानं-फळं खाली पाडतात, चितळं ती खातात, आणि वाघ दिसला की वानर वरून खोकल्यासारखं ओरडतं, खाली चितळ शेपटी वर करून पुढचा पाय आपटतं... ही दोस्ती म्हणजे तुमचा अर्धा प्लॉट! रानकुत्रे शिट्टीसारख्या आवाजात एकमेकांना बोलावतात, त्यांची टोळी नक्की घ्या. मग मधेच वाघ गायब करा: चितळं वाढतात, कोवळी रोपं फस्त होतात, चारा संपतो, आणि शेवटी हिरोलाच वाघ शोधायला निघावं लागतं.