ट्रंकेतल्या रद्दीची वही: पहिलं जंक जर्नल बांधताना

बेळगावातल्या वडगावच्या आमच्या घरातला माग विकून बरीच वर्षं झाली. माळ्यावर मात्र जेकार्डचे, म्हणजे मागावर नक्षी विणायला लागणारे, भोकं पाडलेले पुठ्ठे, सासऱ्यांच्या सुताच्या हिशेबाच्या वह्या आणि लग्नपत्रिकांनी गच्च भरलेली एक ट्रंक तशीच होती. दिवाळीच्या आवराआवरीत रद्दीवाल्याला बोलावलं. त्यानं तराजू काढला आणि सासूबाई आतून म्हणाल्या, "ते कॅलेंडरचं पान तेवढं घालू नको गं त्यात. पोरीचं बारसं हाय त्यावर." पान उलगडलं. रोजच्या चौकोनात दुधाचा हिशेब, 'अर्धा', 'एक', 'नाही', आणि एका रविवारी निळ्या शाईत 'बारसं. ५० माणसं. दूध ८ लि.' ते पान ठेवलं, मग अख्खी ट्रंकच ठेवली. माझं पहिलं जंक जर्नल त्या ट्रंकेतून निघालं.

जंक जर्नल म्हणजे टाकाऊ कागदाची, हातानं शिवलेली वही. तिच्यात चिकटवायचं, लिहायचं, खिसे करून चिठ्ठ्या ठेवायच्या. यासाठी जुने दिसतील असे छापलेले कागद हल्ली विकत मिळतात. ते घेऊ नका. तुमच्या घरात खरोखरच जुना झालेला कागद आहे आणि त्यावर तुमच्याच माणसांचं अक्षर आहे.

आधी निवडून घ्या. कापायचे नाहीत ते कागद पहिल्यांदा बाजूला काढा: जमिनीचे उतारे, खरेदीखतं, दाखले आणि मोडीतलं काहीही. मोडी आपल्याला वाचता येत नाही म्हणून तो कागद रद्दी होत नाही. हवाच असेल तर झेरॉक्स काढून ती वापरा. मी घाईत सासऱ्यांच्या वहीचं एक पान कापलं आणि मागच्या बाजूला त्यांनी घराच्या पायाचा खर्च लिहिलेला निघाला. तेव्हापासून कात्री लावण्याआधी प्रत्येक कागद उलटून बघते.

उरलेल्यात काय काय निघतं बघा. विजेचं बिल कन्नडमध्ये, पत्रिका मराठीत, पाहुण्यांच्या पत्रिका दोन्ही भाषांत. आपल्या भागातल्या घराचा कागद असाच दोन लिप्यांचा असतो, तसाच वहीत येऊ द्या. जुनी पाकिटं आणि आंतर्देशीय पत्रं तर सोडूच नका. तारीख पुसलेली असली तरी पत्ता बोलतो. बेळगाव १९५६ च्या १ नोव्हेंबरला मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं आणि त्या राज्याचं नाव १९७३ साली कर्नाटक झालं. म्हणजे पत्त्यात 'म्हैसूर राज्य' असेल तर पत्र बहुधा त्या सतरा वर्षांतलं. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, त्यामुळे तो असेल तर पत्र त्यानंतरचंच. मी प्रत्येक पाकिटाखाली पेन्सिलीनं असा अंदाज लिहून ठेवते. शिक्के आणि तिकिटं पाकिटावरून सोडवत बसू नका, पाकीट उभं कापून अख्खं पान म्हणून घाला.

हल्लीची बसची मशीनमधली तिकिटं आणि दुकानातल्या मशीनच्या पावत्या उष्णतेनं छापलेल्या असतात. त्यांची अक्षरं उडतात. मुलीबरोबर केलेल्या पहिल्या गोव्याच्या प्रवासाचं तिकीट मी चिकटवलं होतं, दुसऱ्या वर्षी तिथं नुसती पांढरी पट्टी उरली. आधी झेरॉक्स काढा. वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो, म्हणून त्याची पानं करू नका, कात्रणं तेवढी चिकटवा. पत्रिकेवरचा गणपती कापून बाजूला ठेवा. मी त्यांच्यासाठी शेवटच्या पानाला एक खिसाच केला आहे. देवाचं चित्र टाकायला कुणाचा हात धजत नाही, तिथं ते नीट राहतं.

आता बांधणी. बायंडर ज्याला जुज म्हणतात, म्हणजे एकात एक घातलेल्या दुमडलेल्या कागदांचा गठ्ठा, तो आधी करायचा. पहिल्या वहीला तीन जुज पुरेत, प्रत्येकात सहा ते आठ कागद. ए-फोर आकाराचा कागद मधे दुमडला की पान साधारण २१ बाय १५ सेंटिमीटरचं होतं. मोठे-लहान कागद मिसळलेले छान दिसतात, फक्त सगळे घडीपाशी जुळवा. घडी घालण्याआधी त्याच जातीचा एक तुकडा फाडून बघा. एका बाजूनं कागद सरळ फाटतो, दुसऱ्या बाजूनं वेडावाकडा. जमेल तिथं सरळ फाटणाऱ्या दिशेनं घडी घाला, म्हणजे पान फुगत नाही. चमच्याच्या पाठीनं घडी दाबा.

पुठ्ठ्यासाठी मी कुंद्याच्या, म्हणजे बेळगावच्या खव्याच्या मिठाईच्या, मोठ्या डब्याची झाकणं घेतली. तळ घेऊ नका. त्याला तूप लागलेलं असतं आणि तुपकट जागी खळ, म्हणजे मैद्याची चिकी, धरत नाही. २२ बाय साडेपंधरा सेंटिमीटरचे दोन तुकडे कापा. मधे ३ सेंटिमीटर जागा सोडून ते शेजारी ठेवा आणि दोन्हींवर चढेल अशी १० सेंटिमीटर रुंद कापडाची पट्टी खळीनं चिकटवा. ही वहीची पाठ. मी शिंप्याकडून आणलेला खणाचा तुकडा वापरला. आतूनही तशीच पट्टी लावा, कारण टाके याच दुहेरी कापडातून जाणार आहेत. पाठ कागदांच्या जाडीपेक्षा रुंदच हवी. पुढं आत चिकटवत गेलात की वही फुगते.

खळ घरचीच. एक वाटी मैदा पाच वाट्या गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवायचा, मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरेपणा जाऊन काचेसारखी झाक आली की उतरवा, गार करून फडक्यातून गाळा. जुलैत मी याच खळीनं अख्खी वही चिकटवली आणि चार दिवसांत पानांवर हिरवी बुरशी आली. बेळगावच्या पावसात काही वाळत नाही, खानापूरकडं तर विचारूच नका. बांधणी दिवाळीनंतर ते मेपर्यंत करा, पावसाळ्यात निवडणं आणि लिहिणं. जुने बायंडर किडीसाठी खळीत मोरचूद घालत. ते विषारी आहे, घरात पोरं असतील तर नकोच. चिकटवलेलं पान कोऱ्या कागदांत ठेवून वर वरवंटा ठेवा आणि ते कागद सकाळ-संध्याकाळ बदला.

शिवणीला दाभण आणि वाकळ शिवायचा जाड दोरा. दोरा मेणबत्तीवरून दोनदा ओढून घ्या, गुंता होत नाही. जुजाच्या घडीवर तीन भोकं: एक बरोबर मधे, दोन टोकांपासून ३ सेंटिमीटरवर. त्याच मापानं कापडी पाठीवर तीन ओळी आखून भोकं पाडा. सुई जुजाच्या आतून मधल्या भोकातून बाहेर काढा. बाहेरून वरच्या भोकात घाला. आत आलात की मधलं भोक सोडून थेट खालच्यातून बाहेर जा. मग मधल्या भोकातून परत आत या. आता दोऱ्याची दोन्ही टोकं आत आहेत आणि त्यांच्यामधून लांब टाका गेला आहे. एक टोक त्याच्या या बाजूला, दुसरं त्या बाजूला घेऊन ओढा आणि गाठ मारा. ही गाठ कच्ची राहिली तर पुढं सगळं ढिलं होतं, म्हणून इथं घाई नको. तिन्ही जुज असेच.

जेकार्डच्या पुठ्ठ्यांचे मी खिसे केले, तीन कडा चिकटवून वरची मोकळी. भोकांतून आतली चिठ्ठी दिसते. सासूबाईंनी एक पुठ्ठा उजेडाकडं धरला, भोकांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हा काठाचा हाय." कुठल्या काठाचा ते त्यांनी सांगितलं, मी तिथंच पुठ्ठ्याखाली लिहून घेतलं. तुमच्याकडंही चिकटवताना घरातलं म्हातारं माणूस शेजारी बसवा, आणि ते बोलेल ते लिहायला प्रत्येक कागदाशेजारी चार बोटं जागा कोरी सोडा.

वही फुगून मिटेनाशी झाली तर जुन्या साडीच्या काठाची हातभर पट्टी मागच्या पुठ्ठ्याला चिकटवा आणि पुढून गाठ मारा. माझी वही तशीच बांधलेली ट्रंकेत असते. बारशाचं पान दुसऱ्या जुजाच्या मधोमध आहे, न कापता, चार घड्या घालून.