पुरात बुडालेला चेनसॉ: आधी दोरी सोडा, मग पाना घ्या

पूर ओसरला की आपल्याकडे पहिल्यांदा मोटर वर काढतात, मग स्टार्टरची पेटी, मग पेंडीची पोती. चेनसॉची आठवण होते ती बांधावर जांभळाचं खोड आडवं पडलेलं दिसलं की. तोवर चार-आठ दिवस गेलेले असतात. 2019 च्या ऑगस्टात आणि 2021 च्या जुलैत कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेच्या काठच्या कितीतरी मोटरखोल्या पाण्याखाली होत्या. त्यातल्या एका खोलीत माझंही मशीन होतं. बाहेर काढलं, फडक्यानं पुसलं आणि लगेच दोरी ओढली. मशीन पाण्यानं बिघडलं नव्हतं, माझ्या त्या ओढीनं बिघडलं. शेजारचे मामा कट्ट्यावरून ओरडत होते, "दोरी ओढू नकासा, आत पाणी हाय!" पण ऐकतो कोण.

झालं काय, की पाणी दाबलं जात नाही. पिस्टनच्या डोक्यावर पाणी साठलेलं असताना जोर लावला की तो जोर कनेक्टिंग रॉडवर येतो. शिवाय पाण्याबरोबर गाळ असतो, तो पिस्टनच्या रिंगेखाली सापडला की सिलिंडरला उभे ओरखडे. म्हणून पहिलं काम स्पार्क प्लग काढायचं. टोपी बाजूला सारा, स्विच बंद ठेवा, प्लगच्या भोकाभोवतीचा गाळ आधी ब्रशनं झाडा, मग प्लग सोडवा. मशीन उलटं करून भोक खाली येईल असं धरा आणि दोरी अगदी सावकाश, हातानं अंदाज घेत ओढा. पाणी गळेल. कुठं अडलं तर थांबा. जवळपास चूल, बिडी काही नको, कारण पाण्याबरोबर पेट्रोलही उडतं. हातमोजे घाला. पुराच्या पाण्यात काय काय वाहून येतं ते आपल्याला माहीत आहे. आणि खोलीत हात घालण्याआधी काठीनं ठोकून बघा, पुरानंतर साप कोरड्या कोपऱ्यालाच येतात.

आता एक गोष्ट बऱ्याच जणांना उलटी वाटेल. मशीन पाण्यात होतं तोवर गंज धीम्यानं चढत होता. बाहेर काढून ओलंच उन्हात ठेवलं की हवा लागते आणि गंजाला जोर येतो. डिझेल इंजिनाला खाली ऑइलची टाकी असते, या टू-स्ट्रोकला नसते. त्याच्या बेरिंगला जे काही वंगण मिळतं ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकच्या, ऑइलातूनच. पाण्यानं ते धुतलं की बेरिंग उघडं पडलं. म्हणून मिस्त्री चार दिवसांनी येणार असेल तर तोवर नुसतं पुसून ठेवू नका. गाळ स्वच्छ पाण्यानं धुवा, पाणी काढा, प्लगच्या भोकातून आणि कार्बोरेटर काढून तिथल्या वाटेतून डिझेलमध्ये थोडं टू-टी मिसळून ओता, मशीन इकडं-तिकडं कलवा, सांडून द्या, परत ओता. बाहेर पडणारं डिझेल स्वच्छ दिसेपर्यंत. शेवटी चमचाभर निव्वळ टू-टी घालून दोरी दोन-चार वेळा हळू फिरवा. हे त्याच दिवशी झालं तर निम्मं मशीन वाचलं.

टाकीतलं पेट्रोल मात्र वाचवायच्या नादाला लागू नका. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्यातलं काही इथेनॉल आपल्याच उसाचं. इथेनॉलला पाण्याची ओढ. पाणी मिसळलं की इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याबरोबर तळाला बसतं, टू-टी वर राहतं. फिल्टर तळाला असतो, म्हणजे इंजिन ओढणार ते बिनऑइलचं पाणी. जुनं सगळं डब्यात काढा, ओढ्यात ओतू नका. साखळीच्या ऑइलची टाकीही रिकामी करा, त्यातही पाणी असतं. टाकीतला पेट्रोल फिल्टर नवाच घाला.

कार्बोरेटरमध्ये एक पातळ रबरी पडदा असतो. तो कडक झाला की मशीन सुरू होऊन लगेच बंद पडतं आणि माणूस प्लगला शिव्या घालत बसतो. पडदा-पॅकिंगचा संच बदलून टाका. उघडताना कोणतं पॅकिंग आधी नि कोणतं नंतर याचा मोबाईलवर फोटो काढा. पेट्रोल कमी-जास्त करायचा स्क्रू सोडवण्याआधी तो घट्ट होईपर्यंत किती फेरे जातो ते लिहून ठेवा. भोकं क्लीनरच्या फवाऱ्यानं साफ करा, त्यात तार घालू नका, भोक मोठं झालं तर कार्बोरेटर गेला.

दोरीच्या डब्यातली चपटी स्प्रिंग उसळून तोंडावर येते, चष्मा लावूनच उघडा. मॅग्नेटवरचा गंज बारीक पॉलिश पेपरनं काढा, ठिणगी देणारी कॉइल नि मॅग्नेटमध्ये व्हिजिटिंग कार्डाएवढी फट ठेवा.

सायलेन्सर काढला की भोकातून पिस्टन दिसतो. टॉर्च मारा. गुळगुळीत असेल तर पुढं जा. नखाला लागतील असे ओरखडे असतील, किंवा दोरी ओढताना बेरिंग करकरत असेल, तर खर्चाआधी दुकानात नव्या मशीनचा भाव विचारून या. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त 58 सीसी मशीनचं क्रँक उघडण्यात मला तरी अर्थ वाटत नाही. जुनं, चांगल्या बनावटीचं असेल तर जरूर उघडा. सगळं जोडल्यावर, स्विच बंद ठेवूनच, दोरीच्या मुठीला धरून मशीन लोंबकळू द्या. हळूहळू, अडखळत खाली आलं तर कॉम्प्रेशन आहे. धाडकन आलं तर रिंग गेली.

बेळगावजवळच्या खानापूरकडं पूर न येताही हेच होतं. कौलातनं गळतं, माळ्यावर ठेवलेलं मशीन पावसाळाभर दमटात राहतं आणि रिंग सिलिंडरला धरून बसते. तिथं जोर करू नका. डिझेल-टू-टी ओतून रात्रभर सोडा, सकाळी सोडवा.

गंजलेली साखळी डिझेलमध्ये भिजवा. एखादी कडी तरीही वाकत नसेल तर साखळी टाकून द्या, ती तुटून येते कुठं याचा नेम नाही. साखळी जिच्यावर फिरते त्या पट्टीची खाच नि ऑइलचं भोक गाळानं भरलेलं असतं, पातळ पत्र्यानं खरवडा. साखळीचा ब्रेक लागतो का ते इंजिन सुरू करण्याआधी हातानं तपासा.

पहिल्या टाकीला लिटरमागं 40 मिली टू-टी घाला, नंतर मशीनच्या पुस्तकात दिलंय तसं. धूर जास्त येईल, येऊ द्या. गरम झाल्यावर पट्टीचं टोक वाळलेल्या खोडासमोर, खोडाला न लावता धरून रेस द्या. खोडावर ऑइलची रेघ उमटली तरच कापायला घ्या, तेही मनगटाएवढी फांदी. थंड झाल्यावर सायलेन्सरचे नट परत आवळा.