पुढच्या टप्प्यात काय घ्यायचं, हे धोका ठरवतो

मोठ्या सॉफ्टवेअर सिस्टिमच्या टीममध्ये नव्याने येणाऱ्यांना मी आधी रिस्क रजिस्टर, म्हणजे धोक्यांची यादी, मागून घ्यायला सांगते; बॅकलॉग, म्हणजे कामांची यादी, नंतर. काय बांधायचं आहे ते बॅकलॉगमध्ये असतंच. कुठे आपण अजून अंधारात आहोत, हे रजिस्टरमध्ये दिसतं.

वॉटरफॉल (सगळे टप्पे एकदाच, ओळीने), इन्क्रिमेंटल (थोडं थोडं वाढवत), स्पायरल (फेऱ्याफेऱ्यांनी) ही सॉफ्टवेअर बांधण्याची मॉडेल्स अभ्यासक्रमात आकृत्यांसकट पाठ झालेली असतात. स्पायरलची आकृती पाहून बऱ्याच जणांचा समज होतो, की हे म्हणजे एकापाठोपाठ लावलेले छोटे वॉटरफॉल. सॉफ्टवेअर अभियांत्रिकीतले तज्ज्ञ बॅरी बोहम यांनी १९८८च्या लेखात मांडलेलं मॉडेल तसं नाही. त्यात प्रत्येक फेरीत काय करायचं आणि किती खोलात जायचं, हे त्या वेळचा सर्वात मोठा धोका ठरवतो. यूझर इंटरफेसची खात्री नसेल तर प्रोटोटाइप, म्हणजे वापरून बघायचा कच्चा नमुना, करा. गरजा पक्क्या असतील आणि धोका फक्त वेळापत्रकाचा असेल, तर सरळ वॉटरफॉलसारखं गेलात तरी चालेल.

बोहम यांनीच सांगितलेलं एक उदाहरण मी सगळ्यांना देते. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला टीआरडब्ल्यू कंपनीकडे एका सरकारी माहिती प्रणालीचं काम होतं. एका सेकंदात उत्तर हवं, अशी अट होती. ती पाळायला लागणाऱ्या खास आर्किटेक्चरचा, म्हणजे सिस्टिमच्या मूळ रचनेचा, खर्च निघाला सुमारे १० कोटी डॉलर. मग प्रोटोटाइप करून लोकांना वापरायला दिला, तेव्हा कळलं, की बहुतेक वेळा चार सेकंदही चालतात. तेवढ्यासाठी ३ कोटींत भागणारं आर्किटेक्चर पुरेसं होतं. ही चाचणी अट कागदावर पक्की होण्याआधी झाली असती तर किती श्रम वाचले असते!

धोका लिहिणं हेही शिकावं लागतं. ‘परफॉर्मन्सचा प्रश्न येऊ शकतो’ या ओळीवर कुणालाच काही करता येत नाही. ‘महिनाअखेरीला अनेक जण एकाच खात्यावर नोंदी करू लागले, तर लॉकमुळे (एकाची नोंद होईपर्यंत खातं इतरांना बंद) बाकीचे अडकतील’ असं लिहिलं, की उद्या सकाळी कोणती लोड टेस्ट (एकदम खूप वापर झाल्यावर काय होतं ही चाचणी) लिहायची ते लगेच कळतं. शक्यता आणि नुकसान यांचा गुणाकार करून क्रम लावतात; आकडे ढोबळ असले तरी चालतात, क्रमावरून वाद झाला तर उत्तमच.

सोप्या फीचर्सपासून सुरुवात करून डेमो रंगवायचा मोह प्रत्येक टीमला होतो. लॉगिन, रिपोर्ट, डॅशबोर्ड तयार, सगळे खूश. आणि जुन्या सिस्टिममधला डेटा नव्यात बसतच नाही, हे शेवटच्या टप्प्यात उघड होतं. तोवर आर्किटेक्चर बदलणं फार महागात पडतं. म्हणून पहिल्याच टप्प्यात अवघड गाठीला हात घाला, मग डेमोत दाखवायला फारसं काही नसलं तरी चालेल.

टप्प्याच्या शेवटी रिव्ह्यू असतो. पुढे जा, पुढचा टप्पा गाळा, याच टप्प्यात थांबून धोका कमी करा किंवा प्रकल्प बंद करा, असे चारही निर्णय तिथे खरोखर शक्य असले पाहिजेत. स्लाइडवरच्या हिरव्या खुणा पुरावा म्हणून धरू नका. मोजमाप, चाललेला कोड, वापरणाऱ्यांची प्रतिक्रिया मागा. नव्या माणसाने मागितलं तरी कुणी रागवत नाही.

सुरुवातीला रजिस्टरमधला एखादा धोका स्वतःकडे मागून घ्या आणि त्याचा प्रोटोटाइप लिहा. तो कोड टाकून द्यायचा आहे हे पहिल्याच दिवशी मॅनेजरला लेखी कळवा आणि रेपॉझिटरीही (कोड साठवायची जागा) वेगळीच ठेवा.