खण आणि गोणपाट एकच कसं? माझा अनुभव
कापडांच्या फोटोंतून सारखा पोत शोधायचा छोटा प्रोग्राम लिहिला, पण तो एकाच खणाचे दोन तुकडे वेगळे म्हणायचा आणि खणाला गोणपाटाशेजारी बसवायचा. चूक माझीच, पिक्सेलला पिक्सेल ताडत होतो, कापड जरा सरकलं की बोंब. मग गॅटिस वगैरे संशोधकांनी २०१५ मध्ये वापरलेली ग्रॅम मॅट्रिक्स (आकड्यांचा एक तक्ता) घेतली, व्हीजीजी-१९ या फोटो ओळखायला शिकवलेल्या न्यूरल नेटवर्कच्या थरांवर, ती कुठे काय आहे ते विसरते आणि कुठल्या खुणा एकत्र येतात तेवढंच धरते. बरंच सुधारलं! तरी रंगाला भुलायचं म्हणून फोटो ग्रे केले, आणि आईला तीन-तीन तुकडे दाखवून "यातलं वेगळं कुठलं गं?" विचारत बसलो (ती वैतागली), तिच्या उत्तरांवरून थरांना कमी-जास्त वजन दिलं, म्हणजे कुठल्या थराचं किती ऐकायचं ते ठरवलं. आता गोणपाट गोणपाटातच जातं. जरीवर उजेड चमकला की मात्र अजून गंडतं.