रीमॅप मारलेल्या गाडीचा ईसीयू उघडायच्या आधी काय काय हाताशी हवं

ईसीयू म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, आणि रीमॅप म्हणजे ताकद वाढवायला त्यातली फाईल बदलणं. पहिली गोष्ट स्टॉक फाईल. म्हणजे रीमॅप मारायच्या आधी ईसीयूमधून वाचून घेतलेली कंपनीची मूळ फाईल, ती ज्याने ट्यून केलं त्याच्याकडून आजच मागून घ्या, गाडी चालू आहे तोवरच, कारण बंद पडल्यावर तो फोन उचलत नाही हे मी भोगलंय. माझी स्विफ्ट डिझेल, तेच ते फियाटचं 1248 सीसीचं मल्टीजेट, कंपनीतून 75 पीएस नि 190 एनएम. रीमॅपनंतर घाटात तिसऱ्यावरनं दुसरा टाकायची गरजच पडत नव्हती. आणि मग एका जुलैत, भर पावसात, स्टार्टर मस्त फिरतोय पण इंजिन काही घेत नाही. गॅरेजवाल्याने बोनेट उघडायच्या आधीच निकाल दिला, "रीमॅप आहे ना साहेब, मग ईसीयूच गेला." गेला नव्हता, ते सांगतो पुढे.

फाईल मागताना ट्यूनरला हेही विचारून लिहून ठेवा की ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) बंद केलंय का, डीपीएफवाली (काजळी अडवणाऱ्या फिल्टरची) गाडी असेल तर ते उडवलंय का, आणि कुठले कुठले एरर कोड (बिघाड दिसला की ईसीयू नोंदवतो ते नंबर) बंद केलेत. यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच कुणी विचारत नाही. ईजीआर फाईलमधून बंद केलं की त्याचे कोडही बंद करतात, नाहीतर चेक इंजिन लाईट पेटून राहील, आणि आळशी ट्यूनर असेल तर तो एकेक न शोधता गठ्ठ्याने कोड उडवतो. मग गाडी खोकतेय, धूर मारतेय, आणि स्कॅनर म्हणतो 'नो फॉल्ट'. रीमॅप गाडीत 'कोड नाही' याचा अर्थ 'बिघाड नाही' असा घ्यायचाच नाही. जुनी गाडी घेतली असेल तर रीमॅप आहे का बाहेरून लावलेला डब्बा आहे हेही बघा, कारण डब्बा रेल (इंजेक्टरांना डिझेल पुरवणारी दाबाची नळी) प्रेशर सेन्सर आणि ईसीयूच्या मधे बसून ईसीयूला प्रेशर कमी आहे अशी थाप मारतो आणि तीच थाप तुम्हाला स्कॅनरवर दिसते. डब्बा असेल तर तो काढून मूळ कपलर जोडून मगच बाकीचं सगळं. निम्म्या वेळा तिथेच विषय संपतो.

सामान फार नाही लागत. बरा मल्टीमीटर (टेस्ट लॅम्प नको, ईसीयूच्या बारीक वायरींवर तो नको तेवढा करंट ओढतो), लाईव्ह डेटा दाखवणारा स्कॅनर, काँटॅक्ट क्लीनर, आणि तुमच्याच मॉडेलची, तुमच्याच वर्षाची वायरिंग डायग्राम. डायग्राम नसेल तर थांबा, अंदाजाने पिनांत सुया खुपसू नका.

बॅटरी आधी चार्ज करा, मग मोजा. गाडी बंद असताना 12.6 व्होल्टच्या आसपास, स्टार्टर मारताना साडेनऊच्या खाली जाता कामा नये, चालू झाली तर 13.8 ते 14.4. मग अर्थिंग बघा. मीटरची एक प्रोब बॅटरीच्या मायनसवर, दुसरी ईसीयूच्या अर्थ पिनवर, इग्निशन ऑन, आणि 0.1 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर बॉडीवरचा अर्थचा बोल्ट काढून घासून पुन्हा बसवा. स्कॅनर ईसीयूशी बोलतच नसेल तरी लगेच रडू नका, ओबीडी कपलरच्या (स्कॅनर जोडतात त्या सॉकेटच्या) 16 नंबर पिनला बॅटरीचा प्लस आणि 4 ला अर्थ येतोय का बघा, मग बॅटरी काढून 6 आणि 14 च्या मधे रेझिस्टन्स मोजा. 60 ओहम आला तर कॅनची (ज्यावरून ईसीयू बाकीच्यांशी बोलतो त्या दोन तारांची) वायरिंग धड आहे, 120 आला तर एका टोकाला काहीतरी तुटलंय. आमच्या सोसायटीत एकाची वायर उंदराने खाल्ली होती, तो दोन महिने ट्यूनरला शिव्या घालत होता.

आता माझ्या गाडीचं. डिझेलला स्टार्टर मारताना रेल प्रेशर साधारण दीडशे-दोनशे बारच्या वर गेल्याशिवाय ईसीयू इंजेक्टर उघडतच नाही, म्हणून ते बघायला गेलो तर स्कॅनरवर आकडा भलताच, आणि बूस्ट (टर्बोचं हवेचं प्रेशर), पेडल सगळंच वेड्यासारखं. एकाच वेळी तीन सेन्सर मरत नाहीत. ओळखीतल्या वायरमनने 5 व्होल्टची सेन्सर सप्लाय मोजली, मीटरवर 0.8. मग इग्निशन ऑन ठेवून एकेक सेन्सरचं कपलर काढायला लागला, नजर मीटरवर. पेडल काढलं, 0.8. रेल सेन्सर काढला, 0.8. बूस्ट सेन्सरचं कपलर ओढलं आणि आकडा टुणकन 5.01. आत ऑइल शिरून सेन्सर शॉर्ट झालेला आणि त्याने शेजाऱ्यांची पण सप्लाय खाली ओढलेली. कोड? शून्य. फाईलमध्ये तेही उडवलेले होते. त्या सेन्सरच्या किमतीत ईसीयूचं झाकण पण आलं नसतं.

हे सगळं बरोबर निघालं आणि तरी गाडी घेत नसेल तर मग ईसीयूचं कपलर. बॅटरीचा मायनस काढा, दहा मिनिटं थांबा, मगच लिव्हर उघडा. हिरवट थर किंवा पाण्याचा डाग दिसला तर फोटो काढा, मग साफ करा. ईसीयूवरच्या स्टिकरचा पण फोटो, हार्डवेअर नंबर आणि सॉफ्टवेअर नंबर दोन्ही वाचता येतील असा, आणि इंजेक्टरवर कोरलेले कोडही उतरवून ठेवा, ईसीयू बदलला तर ते परत भरावे लागतात.

बेंचवर काम करणाऱ्याला एकच प्रश्न विचारा, झाकण उघडायला हीट गन लावायच्या आधी फ्लॅश आणि ईईप्रॉम (ईसीयूमधल्या दोन मेमरी) दोन्हीचा बॅकअप घेणार का. तो अडखळला तर ईसीयू पिशवीत घालून घरी आणा. इमोबिलायझरचा (दुसऱ्या किल्लीने गाडी चालू होऊ न देणाऱ्या लॉकचा) डेटा बहुतेक गाड्यांत ईईप्रॉममध्ये असतो, तो गेला की किल्ली ओळखली जात नाही, आणि मग कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून सेम नंबरचा ईसीयू आणला तरी डेटा क्लोन केल्याशिवाय तो नुसता लावून गाडी चालू होणार नाही.

स्टॉक फाईल परत मारून बघायची असेल तर तो दिवस मोकळा ठेवा. स्थिर 13 व्होल्टच्या वर देणारा पॉवर सप्लाय हवा, साधा बॅटरी चार्जर नको, एसी-लाईट-टेप सगळं बंद, लॅपटॉप चार्जरवर, स्लीप आणि अपडेट बंद, आणि पुण्याकडचे असाल तर गुरुवारी मुहूर्त काढू नका, लाईट गेली तर अर्धवट लिहिलेली फाईल घेऊन बसाल. फाईल बदललेली असेल तर चेकसम (फाईल धड आहे का हे ईसीयू ज्यावरून तपासतो तो आकडा) नीट केलाय का विचारा, नसेल तर पी0601 हा एरर कोड येऊन गाडी स्टार्टच होणार नाही किंवा लिंपला (ताकद कापून कशीबशी चालायच्या मोडला) जाईल. स्टॉक फाईलवरही तोच त्रास राहिला तर ट्यूनला दोष देऊ नका, परत मीटर उचला.

गाडी चालू झाली की लगेच रीमॅप परत टाकायची खाज सुटते, मलाही सुटली होती. आठवडाभर स्टॉकवर चालवा, घाटात एक फेरी मारून रेल प्रेशर आणि बूस्टचा लॉग घ्या, ईसीयूने मागितलेलं आणि प्रत्यक्ष मिळालेलं दोन्ही कॉलम असलेला. तो लॉग, स्टॉक फाईल, ईईप्रॉम आणि स्टिकरचे फोटो एका पेनड्राईव्हवर टाका, आणि तो पेनड्राईव्ह गाडीत ठेवू नका, घरी ठेवा. माझा पहिला गाडीतल्या डॅशबोर्डवर उन्हात मेला.