जीन्सला घरी खळ आणि इस्त्री: या चुका टाळा

खळ करायची रीत आपल्याकडे जुनीच. आजोबांचं धोतर, आजीचं सुती लुगडं, पुढाऱ्यांची खादी, सगळं खळीवरच उभं राहतं. पण धोतराची दाट खळ जीन्सला लावली की गडद निळ्या कापडावर पांढरे ठिपके येतात आणि इस्त्रीच्या तळाला तपकिरी थर चिकटतो. अशा बहुतेक तक्रारी खळ दाट राहिल्यामुळे किंवा ओल न सांभाळल्यामुळे येतात. मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हात कापड बघता बघता कडकडीत वाळतं, आणि वाळलेल्या खळीवर इस्त्री फिरवून काही साधत नाही.

सुरुवात लेबलापासून करा. पूर्ण सुती जीन्सवर खळ छान बसते. इलास्टेन, लायक्रा किंवा स्पँडेक्स लिहिलं असेल तर तो ताणणारा धागा फार उष्णता सोसत नाही. इस्त्रीच्या चिन्हातला एक ठिपका म्हणजे साधारण ११० अंशांपर्यंत, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. स्ट्रेच जीन्स कडक करायच्या नादी लागूच नये; चार पावलं चाललं की गुडघ्यावरची घडी मोडते.

दुसरी चूक धुण्यातली. बोअरच्या जड पाण्यात साबण नीट निघत नाही, त्यात टंचाई असली की एकाच बादलीत विसळून मोकळं होतात. कापडात उरलेला साबण गरम इस्त्रीखाली पिवळा पडतो. विसळायला पुरेसं पाणी नसेल त्या दिवशी खळीचा बेत पुढे ढकला.

आता खळ. साबुदाणा अर्धा तास भिजवा, मग पारदर्शक होईपर्यंत ढवळत शिजवा. खळीचा दाणा साधारण ६० ते ७० अंशांच्या पुढेच फुगतो. गार पाण्यात पीठ कालवून लावलं तर ते खडूसारखं कापडावर बसतं. जीन्ससाठी खळ धोतराच्या निम्म्यानेच दाट ठेवा. बोट बुडवून वर काढलं की ती पाण्यासारखी निथळली पाहिजे. मग जुन्या मलमलीच्या फडक्यातून गाळा. हे गाळणं टाळलं की ठिपके आलेच म्हणून समजा. धुतलेली ओलसर जीन्स उलटी करून कोमट खळीत बुडवा, म्हणजे सगळीकडे सारखी मुरेल. नीळ आणि टिनोपॉल पांढऱ्या कपड्यांसाठी. जीन्सला त्यांचा उपयोग नाही.

वाळवताना जीन्स उलटी आणि सावलीत. डेनिमचा निळा रंग सुताच्या वरच्या थरावरच असतो, उन्हात तो लवकर विटतो. थोडी ओल असतानाच दोरीवरून काढा. वाळून गेलीच तर पाणी शिंपडून, घट्ट गुंडाळून, टॉवेलमध्ये अर्धा तास ठेवा. एवढा धीर धरला की इस्त्रीचं निम्मं काम झालं.

खिसे आणि कमरपट्टा उलट्या बाजूने दाबून घ्या. सुलट बाजूला इस्त्री थेट टेकवली की गडद कापड चकाकतं, म्हणून मधे ओलसर सुती फडकं ठेवावंच. आतली आणि बाहेरची शिवण एकमेकींवर जुळवली की घडी बरोबर पायाच्या मधोमध येते. इस्त्री घासू नका. टेकवा, दाबा, उचला. खिशांच्या कोपऱ्यावरचे धातूचे रिव्हेट चुकवा, नाहीतर इस्त्रीच्या तळाला चरे पडतात. आणि प्रत्येक वेळी त्याच रेषेवर कडक घडी पाडत राहिलात तर तिथला रंग झिजून कायमची पांढरी रेघ उमटते. ती काही केल्या जात नाही.

डबीतला खळीचा स्प्रे वापरत असाल तर एकदम जाड थर नको. हलका फवारा, मिनिटभर मुरू देणं, मग इस्त्री. कडकपणा कमी वाटला तर पुन्हा तसंच.

बिघडलंच तर? ठिपके ओल्या फडक्याने पुसून पाहा. नाही गेले तर जीन्स कोमट पाण्यात भिजवून खळच काढून टाका. चकाकीवर ओलं फडकं ठेवून वाफ द्या आणि मऊ ब्रशने कापड उठवा. इस्त्रीला चिकटलेली खळ प्लग काढून, तळ गार झाल्यावर ओल्या फडक्याने निघते. नॉनस्टिक तळाला घासणी लावू नका. फिकट पिवळा डाग कधी कधी धुण्यात जातो, पण तपकिरी झालेलं सूत जळलेलं असतं.

खळ हे कसर आणि झुरळांचं खाद्य आहे, पावसाळ्यात तिला बुरशीही धरते. पेटीत किंवा कपाटात महिनोन् महिने ठेवायची जीन्स खळ धुऊन, पूर्ण वाळवूनच ठेवा.